धुऱ्याखालचा हिरा

खुर्शीदबी : वाहाणा काढा, नत्थुजी भाऊ. तुमी फिरता तं मले खालचं काहीच आयकू येत नाही.

नत्थुजी : घ्या, काढल्या. आता सांगा, काय आयकू आलं?

खुर्शीदबी : कान टेकवला की पयले आपल्याच कानातलं रगत वाजते. ते निवांत झालं की मग मातीचं सुरू होते. बसा तुमी. माझी कुत्री, जिपी, आत्ताच तं गेली भोकात.

नत्थुजी : आत्ताच कुठी? ती गेली तवा धुकं होतं. आता पाहा, नाल्याच्या पल्याडची कापसाची पऱ्हाटी दिसून राहिली.

खुर्शीदबी : मातीच्या आत येळ येगळा असते. तिथं घाई चालत नाही.

नत्थुजी : घाई मी करून राहिलो का? माझा हिरा काल दिवस बुडता बुडता शिरला या भोकात, सायाळीच्या मागं. रातभर मी इथंच बसलो. हिरा, हिरा, हिरा. गळा पाहा माझा, कसा बसला. गड्याले म्हटलं, खंद. तो म्हणे, मालक, कुठी खंदू, हा धुरा, आख्खा बांध, इथून त्या बाभळीपर्यंत पोकळ हाय. मग झुंजुरकाच तुमच्याकडं दमणी धाडली बार्शीटाकळीले.

खुर्शीदबी : खंदलं नाही ते बरं केलं. ही काळी माती उलली का तिचा भरोसा नाही. वरून पावडं मारलं तं खालचं भुयार बसते. कुत्रं जिथून बोललं तिथंच खंदायचं. सत्तारमियां हेच सांगत आले सगळ्याइले.

नत्थुजी : तुमचे मालक आज असते तं मले काळजी नव्हती. आख्ख्या वऱ्हाडात साहेबाची कुत्री सांभाळणारा असा डोरिया झाला नाही.

खुर्शीदबी : पटकीनं नेलं. ज्याची जिंदगी कुत्र्याच्या मागं गेली त्याले शेवटी माणसाइच्या बिमारीनं नेलं.

नत्थुजी : खरं सांगू का? मले वाटलं, तुमी येत नाही. मागं मी तुमच्या दारी आलो होतो. संगं गावातले चार भले माणसं. म्हटलं, तुमच्या जिपीले माझा हिरा द्या जोडीले. पिल्लं तुमची माझी. अन् तुमी नाही म्हटलं. काहून, ते सांगतलं नाही. पदर ओढला अन् आत गेल्या. गावात माझं हसं झालं.

खुर्शीदबी : गाडीवान म्हणे, कुत्रं मातीखाली आहे. मंग नाही कशी येईन?

नत्थुजी : पण काहून नाही म्हटलं तवा?

खुर्शीदबी : सांगतो. जिपीचा आवाज येऊ द्या पयले.

नत्थुजी : सांगून ठेवतो, हिऱ्यासारखं कुत्रं तुमाले भेटणार नाही. कापसासारखा पांढरा. एक डाग नाही अंगावर. अमरावतीच्या बाजारात मी त्याले घेऊन उतरलो तं कापसाचे सेठ गाद्या सोडून बाहेर आले. आजकाल पांढऱ्याचंच राज्य हाय, बी. तिकडं समुद्रापार लढाई लागली अन् इकडं आमच्या बोंडाले सोन्याची कळा आली. लोकाइनं जवारी पेरणं सोडलं. देव्हाऱ्यात कापूस ठेवतात. मंग कुत्रं पांढरं पायजे का नाही?

खुर्शीदबी : साहेब रंग नव्हता पाहत.

नत्थुजी : मंग काय पाहे?

खुर्शीदबी : साहेब रेल्वेची जमीन मोजायले आला तवा दोन कुत्री संगं आणली होती. म्हणे, हे टेरियर. सत्तारमियांनं इचारलं, म्हणजे काय? तं साहेबानं जमिनीवरची चिमूटभर माती उचलली अन् त्याइच्या तळहातावर ठेवली. म्हणे, याचं कुत्रं. मातीचं. बाकीची कुत्री मातीवर पळतात, हे मातीच्या आत जाते.

नत्थुजी : माझा हिराबी जाते. कोनत्याबी भोकात. इचारत नाही, थांबत नाही. लय धीट.

खुर्शीदबी : तेच. थांबत नाही.

नत्थुजी : त्यात खोट काय?

खुर्शीदबी : भोकात तं सापबी शिरते, भाऊ. काम करणारं कुत्रं आत जाऊन काय करते? जनावराच्या समोर उभं राहते अन् बोलते. फाडत नाही, मरत नाही, मागं हटत नाही. बोलत राहते. वरचा माणूस आवाज धरून खंदते. अन् वरून हाक आली, बस, की माघारी येते. छाती एवढी पायजे की दोन हाताइच्या पंज्यात मावली पायजे, नाहीतं भुयारात फसते. केस राठ पायजे. पण साहेब म्हणे, छाती अन् केस हे तं कपडे झाले. खरं कुत्रं म्हणजे जाणारा जीव अन् येणारा जीव. दोन्ही.

नत्थुजी : ...आयका. काही वाजलं.

खुर्शीदबी : बाभळीच्या मुळ्या. पाणी उतरून राहिलं.

नत्थुजी : तुमाले भेव नाही वाटत? तुमचीबी आत हाय ना.

खुर्शीदबी : मी डोळे मिटतो तं मीबी तिच्या संगं जातो. लहानपणापासून अशीच आहे मी, अम्मा म्हणे, जागेपणी सपनं पाहते ही पोरगी. आता पाहा, सुरवातीले भोक रुंद आहे. सायाळीचे जुने काटे पडले आहेत खाली, ती त्याइच्यावरून पाय जपून ठेवते. मंग वळण. तिथं हवा गरम आहे, म्हशीच्या श्वासासारखी. मुळ्या केसाइसारख्या तोंडावर येतात. मंग उतार. तिथं पावसाळ्याचा गंध आहे अजून, मागच्या सालचा. अंधार नाही तिथं. आपण म्हणतो अंधार. तिले वासाचा उजेड असते.

नत्थुजी : तुमी बोलता तं मले झोप येऊन राहिली, बी.

खुर्शीदबी : रातभर जागले तुमी. टेका पाठ त्या गाठोड्याले.

शकुन : मामाजी, भाकर आणली. अन् पाणी. काही समजलं?

नत्थुजी : नाही बाई. ये, बस. ही माझी सून, बी. शकुन. पोरगा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीले गेला हाय, तं घरी ही अन् मी. अन् हिरा.

शकुन : सलाम, बी. ते... मी काय म्हणत होती, मामाजीनं रातभर हाका मारल्या. मले घरापर्यंत आयकू आल्या. पण हिरा हाकेनं येत नाही.

नत्थुजी : अडेल हाय थोडा. राजाचं कुत्रं कोनाच्याबी हाकेले उठत नाही.

खुर्शीदबी : तुझ्या हाकेनं येते का, पोरी?

शकुन : मी हाक नाही मारत. मी पाय आपटतो. टाच अशी, अंगणात. मंग तो जिथं असन तिथून येते. ओट्याखाली झोपला असला तरी उठून येते. आमचा खेळच झाला तो.

खुर्शीदबी : अन् तू मागून गेली तं?

शकुन : अंग लावलं की दचकते. म्हणून मी मागून नाही जात कधी. समोरून जातो.

नत्थुजी : दचकते? माझा हिरा? अगं, रेल्वेवाल्याइनं मुरमात सुरुंग लावले तवा गावाची ढोरं दावे तोडून पळाली. अन् हा ओट्यावर झोपला होता, कान हालवला नाही त्यानं. सगळ्या गावानं पाहिलं. म्हणून तं मी त्याले धीराचा म्हणतो.

खुर्शीदबी : भाऊ.

नत्थुजी : काय?

खुर्शीदबी : धीर नाही तो. तुमचा हिरा बहिरा आहे.

नत्थुजी : काय म्हटलं?

खुर्शीदबी : तुमी माझ्या दारी आले ना, तवा मी घरात गेली अन् पितळीचं झाकण पाडलं, मुद्दाम. तुमचे चारी माणसं वळून पाहायले लागले. जिपी उठली. हिरा माशी पाहत होता, माशीच पाहत राहिला. पण शक होता माझा, पक्कं नव्हतं. अन् चार लोकाइच्या समोर कुत्र्याची खोट काढली तं मालकाची मान खाली जाते. म्हणून आत गेली ते बाहेर आली नाही.

नत्थुजी : बहिरा नाही तो. मी आणला तवा... मी त्याले नाव देल्लं, तवा त्यानं माझ्याकडं पाहिलं होतं.

शकुन : तुमी हात वर केला होता, मामाजी. भाकर होती हातात.

नत्थुजी : तू गप बस.

शकुन : हो जी.

नत्थुजी : ...म्हणजे रातभर मी कोनाले हाका मारून राहिलो?

खुर्शीदबी : त्यालेच. प्रेमानंच मारल्या.

नत्थुजी : त्याले काय वाटलं असन, बी? आत अंधारात. मालक आला नाही, असं वाटलं असन.

खुर्शीदबी : श्श. थांबा.

शकुन : मलेबी आलं. मांजरीसारखं काही.

खुर्शीदबी : मांजर नाही, जिपी आहे. लांब आहे म्हणून बारीक वाटते. पोरी, तू तिकडं कान टेक, बाभळीच्या अल्याड. भाऊ, तुमी हालू नका. कुठून मोठा येते आवाज?

शकुन : इथून. माझ्या गालाखालूनच. थांबून थांबून भुंकून राहिली.

खुर्शीदबी : थांबून भुंकते म्हणजे जनावर नाही समोर. सायाळ गेली रातीच, दुसऱ्या तोंडानं. सायाळ असती तं दम नसता घेतला तिनं. ही सांगून राहिली, इथं माती पडली आहे अन् मातीच्या मागं आपलं कोणी आहे.

नत्थुजी : कसं समजलं?

खुर्शीदबी : जशी तुमची म्हैस ओरडली का तुमाले समजते, पान्हा आहे का पाय फसला, तसंच. तुमी पावडं आणा. लहानवालं.

नत्थुजी : मी खंदतो. गड्याले नाही देत.

खुर्शीदबी : जिपीले बोलावू द्या पयले. तिच्यावर माती नाही पडली पायजे. जिपी! आ जा, बेटा. बस. आ जा.

शकुन : ती हाकेनं येईन? इतक्या आतून?

खुर्शीदबी : आवाज बंद झाला ना? म्हणजे वळली. तेवढंच तं शिकवलं तिले साहेबानं अन् सत्तारमियांनं. बाकीचं ती आईच्या पोटातून घेऊन आली.

नत्थुजी : आली. पाहा, नाक दिसलं. माती माती झाली पोरगी.

खुर्शीदबी : ये, माझे आई. पाणी दे तिले, शकुन. भाऊ, आता खंदा. सरळ खाली नाही, तिरपं. धुरा कापल्यासारखं.

नत्थुजी : वरची माती कोरडी हाय. खाली वल लागून राहिली. बी, तो जिता असन का?

खुर्शीदबी : मेल्यासाठी जिपी इतकी नसती बोलली.

शकुन : बी, तो मातीच्या मागं आहे तं त्याले समजन का, कोणत्या बाजूनं यायचं? तो उलट्या बाजूले उकरत गेला तं?

खुर्शीदबी : हे मी इचार करून राहिली. त्याले हाक आयकू नाही जात. जिपीचं भुंकणंबी नाही गेलं.

शकुन : मी पाय आपटू?

खुर्शीदबी : भुयाराच्या वर नको, बसन ते. तिथं, मुरमाच्या कडक जागेवर. खंदण्याच्या समोर. हळू, जसं घरी करते तसं.

नत्थुजी : पोरी, काटे असतील तिथं.

शकुन : असू द्या.

नत्थुजी : आपट. आपट, बाई. माझ्याकडं पाहू नको, आपट.

खुर्शीदबी : तुमी थांबा जरा, पावडं ठेवा. आता मातीलेच इचारू.

शकुन : मले टाचेत समजून राहिलं काही. का मले भास होते?

खुर्शीदबी : भास नाही. मीबी कान लावला आहे. उकरते कोणी. नखं आहेत. आपट, थांबू नको.

नत्थुजी : माती हालली. बी, इथं, पावड्याच्या बाजूले माती खाली सरकली.

खुर्शीदबी : हातानं. आता हातानं.

नत्थुजी : पंजा हाय. पंजा लागला माझ्या हाताले. हिरा. अरे हिरा...

खुर्शीदबी : ओढू नका. तोंडासमोरची माती काढा पयले, श्वास घेऊ द्या. आता मानेखालून हात घाला. छाती मोठी आहे त्याची, तिथंच फसला होता. हां. येऊ द्या त्याचं तो.

(ऊन पऱ्हाटीवर उतरलं आहे. हिरा शकुनच्या मांडीवर आहे, मातीनं काळा झालेला. खुर्शीदबी त्याच्या छातीतले सायाळीचे काटे एकेक करून काढते.)

नत्थुजी : पाणी पेला?

शकुन : पेला. तुमच्या हाताले चाटून राहिला होता, तुमी पाहिलं नाही. तुमी तिकडं तोंड करून बसले होते.

नत्थुजी : डोळ्यात माती गेली होती.

खुर्शीदबी : सगळ्याइच्याच गेली.

नत्थुजी : बी, त्याचे कान... काही दवा हाय का? अकोल्याच्या छावणीत सलोत्री हाय म्हणतात, घोड्याइचा वैद.

खुर्शीदबी : दवा नाही. हे जनमाचं आहे. याचे माय-बाप जिपीच्याच पयल्या वेताचे, भाऊ-बहीण.

नत्थुजी : मी तं रामरावकडून घेतला. अमरावतीचा दलाल. तो म्हणे, थेट विलायतेतून आलेलं बीज.

खुर्शीदबी : त्या वेतात दोन पिल्लं जवळजवळ पांढरी निघाली. साहेबाचं मन नव्हतं द्यायचं, पण रामराव रोज येऊन बसे. शेवटी सत्तारमियांनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं की या दोघाइची जोडी लावणार नाही. तो म्हणे, देवाची आण. अन् साहेब जिपीले आमच्याकडं सोडून गेल्यावर त्यानं पयलं काम तेच केलं. पांढऱ्याले पांढरं, सख्ख्याले सख्खं. सगळी पिल्लं बर्फासारखी, तुमचा हिरा त्याइच्यातलाच. सत्तारमियां पाहायले गेले तवा एक पिल्लू कापसाच्या गाडीखाली आलं. गाडीवान ओरडत होता, बैलाइच्या घुंगरमाळा वाजत होत्या, अन् ते रस्त्यात बसून पाय चाटत होतं. मंग मियांनं बाकीच्याइच्या मागं टाळी वाजवली, तं काही वळलीच नाही.

नत्थुजी : रामरावले सांगतलं नाही?

खुर्शीदबी : सांगतलं. तो म्हणे, मियां, लोकं कुत्रं पाहायले घेतात, आयकायले नाही.

नत्थुजी : अन् मी त्याचंच बीज पुढं चालवाले निघालो होतो. ते बी तुमच्या जिपीवर. म्हणजे हिऱ्याची आजी झाली ना ती?

खुर्शीदबी : दोहीकडून आजी.

नत्थुजी : अमरावतीच्या एका सेठले मी पिल्लं कबूल करून बसलो. त्याच्या गादीवर बसून, छाती फुगवून. आता काय सांगू?

खुर्शीदबी : जे आहे ते सांगा.

नत्थुजी : तो हसन. म्हणन, नत्थुजीनं बहिरं कुत्रं डोक्यावर घेऊन मिरवलं.

खुर्शीदबी : हसू द्या. हसणं दोन दिवसाचं असते. पिल्लू झालं तं त्याची हयात जाते, अन् त्याच्या पिल्लाइची.

नत्थुजी : लोकाइले पांढरंच पायजे, बी. मी नाही देल्लं तं रामराव देईन.

खुर्शीदबी : देईन. त्याच्या हातावर माझा जोर नाही. तुमच्या हातावर तुमचा आहे.

नत्थुजी : ...गावात कुत्र्या फिरतात. त्याले काय जनमभर साखळीत ठेवू?

खुर्शीदबी : सलोत्रीचं नाव तुमीच काढलं. त्याच्याकडून खच्ची करून घ्या, बैलाले करतो तसं. हात हलका आहे त्याचा, मी संगं येईन. मंग मोकळा ठेवा अंगणात. भोकात नको, गाडीच्या रस्त्यावर नको. खाऊन-पिऊन म्हातारा होईन.

शकुन : मी सांभाळीन, मामाजी.

नत्थुजी : तूच सांभाळून राहिली इतके दिवस. मी नुसता मिरवत होतो. ...बरं. पुढच्या बाजाराच्या दिवशी जाऊ अकोल्याले. सेठले मीच जाऊन सांगतो, निरोप नाही धाडत.

खुर्शीदबी : चांगलं.

नत्थुजी : पण मंग तुमच्या जिपीचं काय? तिचं वय चाललं. साहेबाचा कुत्रा मेला. आख्ख्या वऱ्हाडात तिच्या जातीचं दुसरं नाही, अन् जे हाय ते तिचंच रगत. तिच्या मागं हे सगळं संपलं म्हणा.

खुर्शीदबी : संपलं तं संपलं, असं मियां म्हणत. खोटं चालवण्यापरीस खरं संपलेलं बरं. मलेबी तसंच वाटे, आज सकाळपर्यंत. तो तांबडा कुत्रा कोनाचा आहे?

नत्थुजी : कोनता? तो? बाभळीखालचा? अहो, तो नाल्यावरच्या धनगराचा. गावठी. उकिरड्यावर वाढला.

खुर्शीदबी : जिपी आत गेली तवापासून भोकाच्या तोंडाशी बसून होता. आत घुसला नाही, पळाला नाही. खाली आवाज झाला की कान उभे करे. ती बाहेर आली तवा उठून बाजूले सरकला, तिले वाट देल्ली.

नत्थुजी : तुमी मस्करी करून राहिल्या.

खुर्शीदबी : शकुन हिऱ्याले पाणी पाजत होती तवा मी त्याची छाती मोजली. माझ्या दोन्ही पंज्यात आली. गुरगुरला नाही, नजरबी नाही चोरली.

नत्थुजी : विलायतेची कुत्री अन् धनगराचं तांबडं. माझ्या हिऱ्याले नाही म्हटलं, अन् याले...

खुर्शीदबी : साहेब सांगे, त्याच्या मुलुखातबी हे राजाचं कुत्रं नव्हतं. शेतकऱ्याचं होतं. धुऱ्यावर, पेवापाशी, जिथं घुशी लागल्या तिथं. ज्यानं काम केलं त्याचं बीज ठेवलं, ज्यानं नाही केलं त्याले भाकर देल्ली अन् दारात ठेवलं. मी घाई नाही करत. धनगराशी बोलीन. त्याची माय पाहीन, त्याची भावंडं पाहीन. एक पावसाळा त्याले जिपीसंगं कामाले नेऊन पाहीन. त्यानं हाक आयकली, अन् परत आला, तं मंग.

नत्थुजी : अन् पिल्लं तांबडी निघाली तं कोण घेईन?

खुर्शीदबी : तुमी घ्याल का?

नत्थुजी : ...मले इचार करू द्या.

खुर्शीदबी : करा. अजून तं वेत नाही, माज नाही, धनगराले इचारलंबी नाही.

नत्थुजी : पेवात घुशी लय झाल्या, एवढं खरं. जवारी महाग हाय औंदा. सगळा मुलूख कापूस खाईन का?

शकुन : बी, हळू. झोपला तो.

खुर्शीदबी : हा शेवटला काटा. झालं. घे पदर त्याच्यावर.

नत्थुजी : शकुन, तू घरी जा त्याले घेऊन. रातभर तूबी झोपली नसशीन.

शकुन : जातो. थोडा येळ बसू द्या. पाहा ना, मामाजी, त्याचे पाय हालून राहिले. झोपेत पळून राहिला.

नत्थुजी : ओठबी हालतात.

शकुन : कोणी हाक मारून राहिलं असन त्याले तिथं.

नत्थुजी : मंग उठवू नको.